जुनी वस्तू, नवं गिऱ्हाईक



लोणार तालुक्यातलं बीबी घ्या…
किंवा तुमचं गाव.
घरात एखादी शिलाई मशीन पडून असते.
कोपऱ्यात सायकल असते.
फवारणी पंप असतो.

भंगारवाला या वस्तू वजनावर नेतो.
ओएलएक्सवर किंवा फेसबुक मार्केटप्लेसवर
त्यांना वापराच्या वस्तूचा भाव मिळू शकतो.

काही जण जुन्या वस्तू घेतात, दुरुस्त करतात…
आणि पुन्हा विकतात.
यातली खरी कमाई खरेदीच्या वेळीच ठरते.
दुरुस्ती आणि गाडीभाडं आधी धरा,
मगच भाव बोला.

हंगामही पाहा.
सोयाबीनची फवारणी आली, की पंपाला गिऱ्हाईक येतं.
म्हणून पंप उन्हाळ्यातच घेऊन ठेवावा.

फोटो दिवसाच्या उजेडात काढा.
ओरखडा असेल, तर तोही दाखवा.
माझ्या मते, त्यानं घासाघीस कमीच होते.

आता नीट ऐका.
विकताना कधी समोरचा म्हणतो, "मी लष्करात आहे.
वस्तू न बघताच पैसे पाठवतो."
मग तो क्यूआर कोड धाडतो
आणि पिन टाकायला सांगतो.
इथेच थांबा!

पैसे घ्यायला पिन लागत नाही.
पुन्हा सांगते…
पैसे घ्यायला पिन लागत नाही.

फसवणूक झालीच, तर लगेच 1930 वर फोन करा.
एक, नऊ, तीन, शून्य.

आणि हो, जुना मोबाइल घेताना बिल मागा.
तो चोरीचा म्हणून बंद केलेला आहे का,
हे सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर तपासता येतं.