पाखडणं, निवडणं, वेचणं



आज तुमच्याशी बोलायचं आहे ते स्वयंपाकघरातल्या शब्दांबद्दल.

मुलांनो, आजी तांदूळ सुपात घेऊन काय करते? पाखडते. फोल उडून जातं, जड दाणा सुपात राहतो. मग ती ते निवडते, म्हणजे खडे आणि किडके दाणे बोटांनी बाजूला काढते. पीठ मात्र चाळते. सांडलेले शेंगदाणे आपण वेचतो. काकडी सोलतो, चिरतो, किसतो आणि खमंग काकडी करायची असेल तर कोचवतो. हाताची प्रत्येक हालचाल वेगळी, म्हणून प्रत्येकीला आपल्या भाषेनं वेगळा शब्द दिला. ‘पाखडणे म्हणजे साफ करणे’ असं वहीत लिहून पाठ केलं, तर शब्द अर्धाच कळतो. सूप हातात घेतलं की पुरता कळतो.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हे ओळखलं होतं. १९४५ साली बोर्डीला सुरू झालेलं त्यांचं बालशिक्षणाचं काम पुढे कोसबादला गेलं. मुलं जिथे असतील तिथे त्या शाळा नेत. पानं, बिया, शिंपले हेच त्यांचं शिकवण्याचं साहित्य.

पालकहो, आता तांदूळ निवडलेलाच पिशवीतून येतो. सोय झाली, त्याबद्दल तक्रार नाही. पण काम घरातून गेलं की त्याचा शब्दही मुलांच्या तोंडून जातो. दाते आणि कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. असे शब्द त्यात जपलेले आहेत, पण पाच वर्षांचं मूल कोश उघडत नाही. त्याला शब्द मिळतो तो आई, बाबा, आजी, आजोबा यांच्याकडून, काम करता करता.

शिक्षकांना एक विनंती. विदर्भातलं मूल कोथिंबिरीला सांभार म्हणतं. तो शब्द चूक म्हणून खोडू नका. फळ्यावर दोन्ही शब्द शेजारीशेजारी लिहा आणि वर्गाला दोन्ही वापरू द्या.

आणि येत्या आठवड्यात प्रत्येक वर्गात एक सूप, एक चाळण आणि थोडे गहू आणा. मुलांना पाखडू द्या, चाळू द्या, सांडलेले दाणे वेचू द्या. अर्थ त्यांना नंतर विचारा.