नांदवणे, टाकणे आणि मोकळे करणे



पैनगंगेचे महत्त्व उमरखेडकरांना सांगण्याची गरज नाही. ही नदी कित्येक वर्षे दोन राज्यांची सीमा होती. अलीकडे वऱ्हाड, पलीकडे निजामाचा मुलूख. सीमा असली तरी सोयरिकी थांबल्या नव्हत्या. लेकी नदीपार दिल्या जात होत्या आणि सुना आणल्या जात होत्या. अशा एखाद्या लेकीला सणाच्या निमित्ताने माहेरी आणून सोडले आणि पुढे न्यायला कोणीच आले नाही, तर तिने काय करावे? आजचा विषय हा आहे. नवरा नांदवत नाही आणि मोकळेही करत नाही, अशा स्थितीत अडकलेल्या स्त्रीला आपल्याकडे 'टाकलेली' म्हणतात. ग्रांथिक भाषेत तिला परित्यक्ता म्हणतात. शब्द बदलला, तरी तिचे दुःख बदलत नाही. विधवेला तिचे दुःख ठाऊक असते. परित्यक्तेला तर आपण कोणत्या नात्यात आहोत हेही सांगता येत नाही.

आपल्या पूर्वजांना हा प्रश्न सुचलाच नव्हता, असे कोणी समजू नये. पती नाहीसा झाला तर पत्नीने किती काळ वाट पाहावी, याचा विचार कौटिल्याने अर्थशास्त्रात तपशिलाने केला आहे. परस्परांविषयी द्वेष उत्पन्न झाल्यास सुटकेची वाटही त्याने सांगितली; अर्थात धर्म्य मानलेल्या विवाहांना ती त्याने खुली ठेवली नाही. नारद आणि पराशर या स्मृतींनी स्त्रीला दुसरा पती करता येईल अशा पाच आपत्ती सांगितल्या. त्यांत पती बेपत्ता होणे ही एक आहे. ईश्वरचंद्र विद्यासागरांनी पराशराचाच आधार घेऊन विधवाविवाहाची बाजू मांडली आणि १८५६ साली तसा कायदा झाला. मात्र पती हयात असूनही ज्यांना टाकले होते, त्यांच्यासाठी त्या कायद्यात काही नव्हते.

महाराष्ट्रातील अनेक समाजांत काडीमोडीची रूढी होती. पंचांसमोर फारकत होई आणि स्त्रीला पाट लावता येई. ज्या घराण्यांना आपल्या प्रतिष्ठेचा अभिमान होता, त्यांच्या लेकींना मात्र ही वाट बंद होती. सोडवणूक कोणत्या घरी होते आणि कोणत्या घरी होत नाही, हा विरोधाभास आपण अंतर्मुख होऊन पाहिला पाहिजे.

कायद्याने पहिले पाऊल एका मराठी संस्थानिकाच्या राज्यात पडले. सयाजीराव गायकवाडांच्या बडोदे संस्थानात १९३१ साली हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा झाला. मुंबई प्रांतात तो १९४७ साली आला. सलग चार वर्षे परित्याग झाला असेल, तर घटस्फोट मागता येईल, असे त्यात होते. वऱ्हाड मुंबई प्रांतात नव्हते, म्हणून उमरखेडला तो लागू झाला नाही. जळगावची लेक जे मागू शकत होती, ते उमरखेडच्या लेकीला १८ मे १९५५ पर्यंत मागता आले नाही. त्या दिवशी हिंदू विवाह कायदा अमलात आला. त्यातही दोन वर्षांच्या परित्यागावर आधी न्यायिक विभक्तताच मिळे; घटस्फोटासाठी त्यापुढे आणखी दोन वर्षे काढावी लागत. परित्याग हे थेट घटस्फोटाचे कारण झाले ते १९७६ च्या दुरुस्तीने. आज कायदा एवढेच मागतो, की अर्ज दाखल करण्यापूर्वी लगतची किमान दोन वर्षे परित्याग अखंड चालू असावा.

पण 'दोन वर्षे वेगळे राहिले की झाले' ही समजूत चुकीची आहे. जळगावचा उल्लेख वर सहज आला नाही. 'बिपिनचंद्र विरुद्ध प्रभावती' या खटल्यातील पत्नीचे माहेर जळगावचे. मुंबईत राहणाऱ्या या दांपत्यात एका पत्रावरून वितुष्ट आले आणि २४ मे १९४७ रोजी पत्नी माहेरी गेली. ती चार वर्षे परतली नाही, म्हणून तिने मला टाकले, असे म्हणत पतीने १९५१ साली दावा लावला. पहिल्या न्यायालयाने घटस्फोट दिला, अपिलात तो रद्द झाला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यात एक तार पुढे आली. पत्नीला परत पाठवण्याची गोष्ट निघाली असता, तिला पाठवू नका, असे पतीनेच सासऱ्यांना तारेने कळवले होते. १९ ऑक्टोबर १९५६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पतीचे अपील फेटाळले.

या निकालाने घालून दिलेली कसोटी आजही लागू आहे. जो टाकून गेला, त्याच्या बाबतीत दोन गोष्टी दिसाव्या लागतात : प्रत्यक्ष वेगळे होणे आणि सहजीवन कायमचे संपवण्याचा हेतू. जो टाकला गेला, त्याच्या बाबतीतही दोन : त्याची संमती नसणे आणि दुसऱ्याने घर सोडावे असे कारण त्याने दिलेले नसणे. मुलगी माहेरी राहिली म्हणजे तिनेच टाकले, असे होत नाही. मारहाण करून जिला घराबाहेर काढले, तिच्या बाबतीत घराबाहेर पाऊल तिचे पडले तरी परित्याग करणारा तो नवराच. नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेलेला, घरी पैसे पाठवणारा, येत-जात राहणारा पतीही परित्यागी ठरत नाही. उलट, जाणूनबुजून केलेल्या उपेक्षेचा समावेश कायद्याने परित्यागातच केला आहे. हा नियम दोन्ही बाजूंना सारखा आहे; निष्कारण घर सोडून गेलेल्या पत्नीविरुद्ध पतीलाही हीच दाद आहे.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. पहिली, शंभराच्या स्टँपपेपरवर सह्या करून फारकत होत नाही. त्या समाजाची तशी रूढी न्यायालयात सिद्ध होत असेल, तरच कायदा ती मानतो. अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न लावून देणारे वडीलधारे आपल्या लेकीला आणखी मोठ्या संकटात ढकलतात. दुसरी, २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी ज्या ठिकाणी राहते, त्या क्षेत्राच्या सक्षम न्यायालयात तिला अर्ज करता येतो. सासर दूरच्या जिल्ह्यात असले, तरी तिला तिथे खेटे घालावे लागत नाहीत. तिसरी, विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ नुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा अधिकार आहे. चौथी, पोटगीसाठी घटस्फोटाच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. दावा चालू असताना अंतरिम पोटगी मागता येते आणि नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्या अर्जाचा निर्णय व्हावा, असे कायदा सांगतो. घटस्फोट नकोच असेल, तरी पोटगीचा स्वतंत्र अर्ज आहेच. जुन्या १२५ कलमाची जागा १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ कलमाने घेतली आहे.

पती समन्स घेत नाही, पत्ता लागत नाही, अशा वेळी वृत्तपत्रातून नोटीस देऊन दावा एकतर्फी चालवता येतो. तरीही न्यायालयाला पुरावा लागतोच. म्हणून पत्रे, नोटिसा, मोबाईलवरचे संदेश जपून ठेवावेत. न्यायला या, असा निरोप कधी दिला आणि कोणाच्या हाती दिला, बैठक कधी झाली आणि तिला कोण हजर होते, याची तारखेसह नोंद करावी. बैठकीला बसलेल्या चार प्रतिष्ठितांनी पुढे साक्षीला जाण्याचे टाळू नये.

कुटुंबसंस्था हा आपल्या समाजाचा आधार आहे, याविषयी दुमत नाही. सप्तपदी हा संस्कार आहे आणि तो मोडू नये यासाठी शेवटपर्यंत प्रयत्न व्हावेत. खुद्द कायद्यानेही, जिथे शक्य असेल तिथे आधी समेटाचा प्रयत्न करण्याचे कर्तव्य न्यायाधीशांवर सोपवले आहे. पण २०११ च्या जनगणनेत घटस्फोटितांपेक्षा नुसते विभक्त राहणाऱ्यांची संख्या दुपटीहून अधिक निघाली, तिचाही विचार झाला पाहिजे. घटस्फोट कमी आहेत म्हणून आपण समाधान मानतो. पण निकाल न लागलेले हे संसार त्या हिशेबात येत नाहीत. नवरा दुसरा घरोबा करून बसतो आणि इकडे ही त्याच्या नावाचे कुंकू लावून भावाच्या घरी राबते. याला संस्कृतीचे रक्षण म्हणता येणार नाही.

म्हणून आपल्या गावात, आपल्या आळीत अशी लेक असेल, तर तिच्या घरी जा. चौकशी करायला नव्हे, सोबत करायला जा. आधी दोन्ही घरांना एकत्र बसवा. ज्याने टाकले, त्याच्या नातेवाइकांना, आणि ते आपलेही नातेवाईक असू शकतात, सरळ विचारा : नांदवणार आहात की नाही? नांदवणार असतील, तर तारीख ठरवून न्यायला या म्हणावे. तारीख उलटली आणि कोणी आले नाही, तर त्या लेकीला काय हवे ते तिलाच विचारा. तिने मोकळे व्हायचे ठरवले, तर न्यायालयाच्या पहिल्या तारखेला तिच्याबरोबर कोणीतरी असले पाहिजे. ते आपल्यापैकी कोणी असावे, एवढीच विनंती.