मालवणात सहकुटुंब जेवताना

मालवणात पर्यटकांच्या जेवणाची सोय मुख्यतः तीन ठिकाणी होते : बाजारपेठेतल्या आणि भरडावरच्या खानावळी, चिवला किनाऱ्यापासून तारकर्ली-देवबागपर्यंतची निवास-न्याहारीची घरे, आणि बंदराजवळची उपाहारगृहे. सोबत लहान मुले किंवा वयस्कर माणसे असतील तर पहिल्या दोन जागा अधिक बऱ्या. तिथे जेवण घरच्यासारखे असते आणि मुलांसाठी वेगळे काही मागितले तर कोणी कपाळाला आठ्या घालत नाही. मात्र त्यासाठी एक पथ्य पाळावे लागते. जेवणाची वर्दी आधी द्यावी लागते. माणसे किती, वेळ कोणती, तिखट कोणाला चालत नाही, एवढे सकाळीच कळवावे.

घरगुती खानावळ ही आजोळासारखी असते. येणार म्हणून निरोप आधी गेला असेल तर आजी नारळ खवून ठेवते, वाटण करते, नातवासाठी बिनतिखटाचे बाजूला काढते. निरोप न देता दुपारी अडीचला दहा माणसे दारात उभी राहिली, तर तीच आजी हौसेने उठते खरी, पण पातेल्याच्या तळाशी उरले असेल तेच पानात वाढते. त्यात दोष आजीचा नसतो. खानावळीतही मासळी आणि वाटण माणसांच्या हिशेबानेच येते. म्हणून वर्दीचे महत्त्व.

सिंधुदुर्ग किल्ला पाहण्याच्या दिवशी तर हे फारच जपावे. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर या किल्ल्याचा पाया घातला. तिथे जायला मालवण बंदरातून होडी लागते. होडीची वाट पाहणे, शिवराजेश्वराचे मंदिर, दूधबाव-साखरबाव-दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी, तटावरून फेरी, यांत सकाळ जाते. तटावर सावली फारशी नाही. मुले परततात ती उन्हाने आणि भुकेने कावलेली, आणि त्याच वेळी इतर होड्यांतली माणसेही खानावळींच्या दारात रांग लावतात. होडीत पाय ठेवण्याआधी खानावळीत फोन केला असेल तर ही रांग टळते. हे पुन्हा सांगण्याचे कारण असे की बहुतेक कुटुंबे नेमके हेच विसरतात आणि मग बिस्किटांच्या पुड्यांवर मुलांचे दुपारचे जेवण उरकतात. समुद्राकाठच्या गावात येऊन मुलांना बिस्किटांवर ठेवणे बरे नव्हे.

मुलांच्या ताटात काय असावे? तळलेली सुरमई उत्तम. मधला काटा काढला की बारीक काट्यांचा त्रास कमी. पेडवे आणि तारली चवीला छान, पण काटेरी; ती मोठ्यांनी खावीत. बांगड्याच्या तिखल्यात तिरफळे अख्खीच घातलेली असतात. ती वासासाठी असतात, चावून खाण्यासाठी नव्हेत. मुलाच्या दाताखाली एखादे आले तर जीभ चुरचुरते, बधिर होते आणि पुढचे जेवण राहते. मुलाला वाढण्याआधी ती वेचून काढावीत. कोंबडी-वड्यांतला वडा मुलांचा हमखास आवडता. तांदूळ आणि डाळींच्या पिठाचा, धणे-मेथीच्या वासाचा हा टम्म फुगलेला वडा नुसताही खाल्ला जातो. सोलकढीत हिरवी मिरची आणि लसूण असते. मुलांसाठी नुसते नारळाचे दूध आणि आगळ घालून ती वेगळी करून मिळते, अर्थात आधी सांगितले तर. शाकाहारी माणसांना काळ्या वाटाण्याचे सांबारे आणि वडे ही जोडी पुरेशी आहे. कालवे, कोळंबी, तिसऱ्या ज्यांच्या अंगाला सोसत नाहीत त्यांचा उल्लेख वर्दी देतानाच करावा, कारण चुलीवर चढलेले पातेले मग बदलता येत नाही.

निवास-न्याहारीच्या घरांत सकाळी घावणे, आंबोळ्या, कधी उकड्या तांदळाची पेज मिळते. लहान मुलाच्या पोटाला पेजेइतके हलके दुसरे काही नाही. नारळाच्या गोड रसातले शिरवाळे शेवग्यातून दाबून काढायला वेळ आणि मनगट दोन्ही लागतात, म्हणून ते हवे असतील तर आदल्या दिवशीच सांगावे.

ऋतूचेही भान हवे. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते आणि पावसाळ्यात किल्ल्याची होडीही थांबते. त्या दिवसांत ताज्या सुरमईचा हट्ट धरू नये. कोंबडी-वडे, कुळथाची पिठी आणि गरम भात मुलेही आवडीने खातात.

मालवणला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने एवढे करावेच : सकाळी न्याहारी करतानाच दुपारच्या जेवणाची वर्दी द्यावी, दिलेली वेळ पाळावी, आणि बेत बदलला तर तेही कळवावे.