आमचे दातवाले डॉक्टर

आम्ही नवी मुंबईतल्या एका जुन्या गावच्या बचत गटाच्या बाया बोलतोय. चारी बाजूंनी शहर झालं, तरी आमचं गाव आत गावासारखंच आहे. आज आम्हाला आमच्या दातवाल्या डॉक्टरांबद्दल बोलायचंय. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात ते गेले. घरच्यांना गाजावाजा नको, म्हणून नाव घेत नाही. तसंही गावात त्यांचं नाव कोण घेत होतं? लहानथोर सगळे ‘दातवाले डॉक्टर’च म्हणायचे.

१९७० साली सिडको आली आणि भातशेती, मिठागरांच्या जागी हळूहळू सेक्टर उभे राहिले. डॉक्टर इथे आले तेव्हा लोकल नव्हती, वाशीपर्यंत गाडी आली ती १९९२ साली. एका गाळ्यात एक खुर्ची, बाहेर लाकडी बाक आणि भिंतीवर गणपतीशेजारी गावच्या कबड्डी संघाचा फोटो, असा त्यांचा दवाखाना. तेव्हा आमच्याकडे दात हलला की दोरा बांधून ओढायचा, ठणकला की लवंग धरायची. वरचा दात काढला की नजर जाते, असंही म्हाताऱ्या सांगायच्या. डॉक्टर वाद घालत नसत. दात काढून झाला की समोरचं कॅलेंडर वाचायला लावायचे. “दिसतंय ना काकी? मग जा घरी, आणि शेजारणीलाही सांगा.”

खेळाचं त्यांना वेडच होतं. संध्याकाळी मैदानात कबड्डीचा सामना असला, टेनिस बॉलची क्रिकेट टूर्नामेंट असली, की दवाखान्याला कुलूप. दाढ ठणकत असताना ‘डॉक्टर सामन्याला गेलेत’ हे ऐकून राग यायचा, खोटं कशाला बोला. पण मैदानात गाठलं तर तिथेच टॉर्च मारून बघायचे, गोळी द्यायचे, आणि सामना संपल्यावर रात्री दवाखाना उघडायचे.

मैदानातली त्यांची एक शिकवण गावातल्या प्रत्येक आईला पाठ आहे. एकदा कबड्डीत बारा वर्षांच्या पोराचा पुढचा अख्खा दात मुळासकट निघून मातीत पडला. आई तो नळाखाली घासायला निघाली. डॉक्टर धावत आले, “घासू नको गो बाय!” दात वरच्या पांढऱ्या बाजूने धरायचा, मुळाला हात लावायचा नाही. माती लागली असेल तर पाण्यात नुसता हलकेच विसळायचा. जमलं तर लगेच त्याच जागी बसवून फडकं चावून धरायचं, नाहीतर दुधात ठेवून दवाखाना गाठायचा. अर्ध्या तासात पोचलात तर उत्तम, तासापेक्षा उशीर नको. हे फक्त पक्क्या दाताचं बरं का, दुधाचा दात परत बसवत नाहीत. त्या पोराचा दात डॉक्टरांनी बसवला, शेजारच्या दातांना तारेने बांधला, पुढे त्याची नसही साफ केली. पोरगा आता दोन लेकरांचा बाप आहे आणि दात अजून जागेवर आहे.

पण आम्हा बायांवर त्यांचे खरे उपकार मिशरीचे. तंबाखू तव्यावर काळी करायची, कुटायची आणि सकाळ-संध्याकाळ दाताला लावून बसायचं, हे आमच्या आज्यांपासून चालत आलेलं. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. मिशरी मात्र घरच्याच चुलीवर भाजली जाते, तिथे धाड कोण घालणार? डॉक्टर सांगायचे, ही दात घासायची पूड नव्हे, ही तंबाखूच आहे. हिरड्या खाते, पोटुशी बाईच्या बाळाचं वजन कमी करते आणि तोंडाचा कॅन्सर करते.

आमच्यातल्या एकीच्या गालात आतून पांढरा चट्टा आला होता. तिच्या परवानगीने सांगतोय. दुखत नव्हतं, म्हणून तिला काही वाटत नव्हतं. डॉक्टरांनी परळच्या टाटा हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. घरात लग्न होतं, चिठ्ठी डब्यात पडली. महिन्याने डॉक्टर स्वतः दारात. “ताई, हळदीला मी पण येतो, पण सोमवारी आपण परळला जायचं.” तपासणीत कॅन्सरची सुरुवात निघाली. ऑपरेशन झालं. आज ती आमच्या गटाचा हिशोब ठेवते. तिच्या जावेने मात्र तसाच चट्टा कोणाला दाखवला नाही. ती आज आमच्यात नाही.

मग डॉक्टरांनी गावातल्या अकरा जणींचा ‘संघ’ केला. दवाखान्यात काळी पाटी लावली. मिशरीशिवाय एक दिवस म्हणजे एक धाव. लावली की आऊट, परत शून्यापासून. पहिला आठवडा फार वाईट. डोकं धरायचं, चिडचिड व्हायची, आणि सकाळी पोट साफ होईना, कारण बऱ्याच जणींना मिशरीशिवाय सवयच नव्हती. त्यावर त्यांचा उपाय साधा: उठल्यावर तांब्याभर कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि तलफ आली की तोंडात बडीशेप. एक जण सात वेळा आऊट झाली. तिला ते रागावले नाहीत, “पुढची इनिंग कधी?” एवढंच विचारायचे. पहिलं शतक झालं त्या दिवशी पेढे त्यांनीच वाटले. आता दातांच्या डॉक्टरांनी पेढे वाटावेत का, हा भाग वेगळा!

महिन्यातून एकदा आरसा घेऊन उजेडात तोंड बघायला त्यांनीच शिकवलं. दोन्ही गाल, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखाली. पांढरा किंवा लाल चट्टा, पंधरा दिवसांत न भरलेली जखम, गाठ दिसली की दाखवायचं, दुखायची वाट बघायची नाही. तीन बोटं उभी तोंडात जात नसतील तरीही. सुपारी खाणाऱ्यांनी हे मुद्दाम बघायचं.

२ नोव्हेंबर २०२५ ला आमच्याच नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये हरमनप्रीतच्या पोरींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून वर्ल्ड कप जिंकला. मध्यरात्रीपर्यंत आम्ही देवळासमोर टीव्ही लावून बसलो होतो. दीप्ती शर्माने पाचवी विकेट घेतली तेव्हा कोणीतरी म्हणालं, आज डॉक्टर हवे होते. मग थोडा वेळ कोणी बोललं नाही.

दवाखाना आता त्यांची मुलगी चालवते. तिला क्रिकेट कळत नाही, पण काळी पाटी तिने काढलेली नाही. गावातल्या मुलींच्या कबड्डी संघाला दातांवर बसवायचे गार्ड ती मापाने करून देते. पाटीवर सध्या तीन नावं आहेत. एक ४१ वर आहे, एक ८८ वर, आणि ती सात वेळा आऊट झालेली आमची मैत्रीण ६१२ वर नाबाद.