प्रथिनाची खूण आणि आयुष्याचा हिशेब



फुप्फुसाच्या कर्करोगाचें निदान झालें म्हणजे घरच्या मंडळींच्या ओठांवर एकच प्रश्न येतो : 'डॉक्टर, आतां किती दिवस?' हल्लीं गाठीचा तुकडा तपासून आलेल्या कागदावर बहुधा एका प्रथिनाचें नांव आणि त्यापुढें शेंकडा प्रमाण लिहिलेलें असतें. तो आंकडा पाहून कोणाला धीर येतो, कोणी हाय खातो. त्याचा खरा अर्थ काय, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

त्या प्रथिनाचें नांव पीडी-एल-१. आपल्या शरीरांत टी-पेशी नांवाचे पहारेकरी फिरत असतात. 'थांबा' हा हुकूम ऐकणारें पीडी-१ हें प्रथिन त्यांच्या अंगावर असतें. क्योटो येथें तासुकू होंजो यांच्या प्रयोगशाळेंत तें १९९२ सालीं सांपडलें. कर्कपेशी आपलें पीडी-एल-१ पुढें करून हाच हुकूम देते आणि पहारेकरी हात आवरतो.

म्हणजे ही रोगाची ढालच. परंतु ढाल ओळखतां आली, म्हणून ती निकामी करण्याचा उपायहि सुचला. पेम्ब्रोलिझुमॅब हें औषध पहारेकऱ्याच्या पीडी-१ ला चिकटतें व तो हुकूम पोहोंचूं देत नाहीं. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत रोग पसरलेले ३०५ रोगी होते. प्रत्येकाच्या निदान निम्म्या कर्कपेशींवर हें प्रथिन होतें. कांहींना हें औषध दिलें, कांहींना नेहमींची रासायनिक औषधें. पांच वर्षांनंतर पहिल्या गटांत शेंकडा सुमारें ३२ व दुसऱ्यांत सुमारें १६ जण हयात होते.

हा फरक मोठा खरा. पण खूण ठळक असूनहि पहिल्या गटांतले शेंकडा ६८ वांचले नाहींत, हेंहि विसरूं नये. उलट, खूण पुसट असली म्हणून आशा सोडण्याचें कारण नाहीं. २०१८ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगांत हेंच औषध रासायनिक औषधांच्या जोडीनें दिलें, तेव्हां हें प्रथिन जवळजवळ नसलेल्या रोग्यांनाहि अधिक आयुष्य लाभलें.

तात्पर्य, हे आंकडे समुदायाचे आहेत. आपल्या घरांतल्या एका माणसाचा दिवस त्यांत लिहिलेला नसतो. प्रथिनाची खूण ही जन्मपत्रिका नव्हे. कोणत्या वाटेनें जावें हें सांगणारा तो मार्गदर्शक खांब आहे. म्हणून तो कागद हातीं आल्यावर 'किती दिवस?' याच्या आधीं 'या खुणेवरून कोणता उपचार योग्य?' हा प्रश्न आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावा. त्याचें उत्तर त्यांना अधिक निश्चितपणें देतां येईल.