नमाजाची सवड आणि युनियनचे कर्तव्य
(कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)

कॉम्रेड्स,

कारखान्यातील नमाजाचा प्रश्न धर्माचा आहे, युनियनने त्यात पडू नये, असे आपल्यातील अनेक प्रामाणिक कार्यकर्त्यांना वाटते. हे मत तपासून पाहण्यासाठी अमेरिकेतील एक घटना आपल्यापुढे ठेवतो.

कोलोरॅडो राज्यातील फोर्ट मॉर्गन येथे कारगिल या बलाढ्य कंपनीचा गोमांस-प्रक्रियेचा कारखाना आहे. सोमालियातून आलेले अनेक मुसलमान कामगार तेथे राबत होते. नमाजाच्या वेळा सूर्यानुसार बदलतात. त्यामुळे पाळीत काही मिनिटांची सवड त्यांना हवी होती. डिसेंबर २०१५ मध्ये यावरून वाद पेटला, कामगार कामापासून दूर राहिले आणि सुमारे दीडशे जण बडतर्फ झाले.

तेथे कायदा होता. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीत धर्मावरून भेदभाव करण्यास मनाई केली. धंद्याला अवाजवी अडचण होत नसेल, तर मालकाने धार्मिक आचरणाला वाव दिलाच पाहिजे, असे १९७२ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले. परंतु १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'अवाजवी अडचण' म्हणजे किरकोळीहून थोडा अधिक भार, असा अर्थ लावून मालकांना पळवाट दिली. ती बुजण्यास २०२३ साल उजाडावे लागले. आता मालकाला भरीव भार दाखवावा लागतो. हे दोन्ही खटले ख्रिस्ती कामगारांचे होते. एकाला शनिवार पाळायचा होता, दुसऱ्याला रविवार. त्यांच्या लढ्याचे फळ मुसलमान कामगारालाही मिळते, हे ध्यानात घ्या.

फोर्ट मॉर्गनच्या कामगारांना २०१८ मध्ये न्याय मिळाला. समान रोजगार संधी आयोगापुढील तडजोडीत, आरोप अमान्य करूनही, कंपनीने १३८ जणांसाठी १५ लाख डॉलर मोजले. आणि कॉम्रेड्स, त्यांच्या युनियनलाही १ लाख ५३ हजार डॉलर द्यावे लागले! आपल्याच सभासदांची बाजू तिने मांडली नाही, असा तिच्यावर ठपका होता. ही रक्कम आपल्या जिव्हारी लागली पाहिजे.

आपल्याकडे काय स्थिती आहे? संविधानाचे २५ वे कलम धर्माचरणाचे स्वातंत्र्य देते. सोळावे कलम धर्मावरून होणाऱ्या भेदभावाला मनाई करते, पण ते सरकारी नोकरीपुरते. खासगी मालकाला असे बंधन घालणारा सर्वसाधारण केंद्रीय कायदा नाही. म्हणजे खासगी कारखान्यातील मुसलमान कामगाराला मुख्य आधार उरतो तो युनियनचा व तिने केलेल्या कराराचा.

म्हणून मागणीपत्रात हे कलम घाला : विश्रांतीची वेळ कामगाराच्या सोयीने पुढेमागे घेता यावी, आणि ती सर्वांना मिळावी. त्या वेळात कोणी नमाज पढेल, कोणी चहा घेईल, कोणी पाठ टेकेल. न पढणाऱ्यावर सक्ती नको, पढणाऱ्याला शिक्षा नको. ही मागणी आपण केली नाही, तर मालक सवलत एकाला देऊन दुसऱ्याला चिथावील. जातीयवादी शक्ती दाराशी टपून बसल्याच आहेत. सहकाऱ्याच्या दहा मिनिटांसाठी जो उभा राहत नाही, त्याच्या आठ तासांसाठी उद्या कोण उभे राहणार?