ती तार मी लावली होती

(हा भाग बोलून रेकॉर्ड केलेला आहे. लिहून काढताना फक्त अडखळणं आणि तीन-चार 'म्हणजे' काढलेत, बाकी तसंच ठेवलंय.)

मागच्या दोन भागांत आपण घर भाड्याने घेणं, लीज वाचणं वगैरे बोललो. तेव्हा मी ओझरतं म्हणालो होतो की माझ्या घराला जवळजवळ एक एकर लॉन आहे आणि ते मीच कापतो, म्हणून भाडं थोडं कमी. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं की ते राइड-ऑन मोअर, म्हणजे वर बसून चालवायचं गवत कापायचं मशीन, अवघड असतं का? यूट्यूबवर तर खेळण्यातल्या ट्रॅक्टरसारखं दिसतं.

चालवायला सोपं आहे, आणि तिथेच घोळ होतो. मी बीटेक कॉम्प्युटरवाला. चिपळूणला आमच्या घरामागे गवत वाढलं की कोयती घेऊन कोणीतरी यायचं, आपण चहा द्यायचा, एवढाच माझा गवताशी संबंध. इथे नॉर्थ कॅरोलायनात, रॅलीच्या बाहेर, एप्रिल ते ऑक्टोबर गवत थांबतच नाही. घरमालकाने शेडची किल्ली दिली, आत एक जुनं मशीन. ४२ इंची डेक, खाली दोन पाती, गिअरवालं. 'चालू होतं,' एवढं सांगून तो गेला.

आता आधी घडलेलं सांगतो, मग सेटअपकडे वळू.

पहिल्या उन्हाळ्यात एक त्रास सुरू झाला. खड्ड्यावरून गेलं की इंजिन फट्कन बंद. पुन्हा ब्रेक दाबा, पातं बंद करा, चावी फिरवा. वीस मिनिटांत सहा वेळा. शोधलं तर कळलं की सीटखाली एक स्विच असतो. माणूस सीटवर आहे की नाही हे तो ओळखतो, आणि पातं चालू असताना माणूस उठला तर इंजिन बंद करतो. मी खड्ड्यात उडालो की त्याला वाटायचं, हा उठला. व्हिडिओत एकाने दाखवलं होतं की कनेक्टर काढायचा आणि त्यात तारेचा छोटा तुकडा घालून दोन टोकं जोडून टाकायची. मशीनला कायम वाटतं की कोणीतरी बसलंय. दोन मिनिटांचं काम. मी केलं, आणि खरं सांगू, हुशारी केल्यासारखं वाटलं. ऑफिसमध्ये एखादी टेस्ट सारखी फेल होते म्हणून कोणी ती कॉमेंट करून टाकली तर मी रिव्ह्यूमध्ये त्याला धारेवर धरतो. इथे तेच केलं आणि वर्षभर विसरून गेलो.

पुढच्या मे महिन्यात आई-बाबा आले. बाबा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. इथली लाल माती बघून आई म्हणाली, 'ही तर आपलीच माती की रे.' शनिवारी सकाळी मी कापायला निघालो. दहिवर होतं, पण दुपारी पाहुणे यायचे होते. घरामागे जमीन उतरत जाते आणि खाली पावसाच्या पाण्याचा चर आहे. बाबा खाली चराजवळ पाइनची बोंडं गोळा करत होते, कारण मीच त्यांना सांगितलं होतं की ती पात्यात जायला नकोत.

मी उतारावर आडवा चाललो होतो. आडव्या रेघा छान दिसतात ना, म्हणून. मागचं चाक ओल्या गवतावर सरकलं, मशीन कडेला कलायला लागलं, आणि मी विचार न करता वरच्या बाजूला उडी मारली. उडी मारणं चूक की बरोबर, तो वाद नंतर. उडी मारल्यावर इंजिन बंद व्हायला हवं होतं. झालं नाही. गिअर पडलेला, क्लचवरचा पाय निघालेला, पाती फिरतायत आणि सीट रिकामी. मशीन वळून खाली निघालं, बाबांच्या दिशेने. मी ओरडलो, 'बाबा, बाजूला व्हा!' ते झाले. आठ-दहा फुटांवरून गेलं ते. नाक चरात खुपसलं, पाती चिखलात रुतली आणि मग इंजिन गप्प झालं.

बाबांनी काही विचारलं नाही. चरात उतरले, चावी काढली, सीट उचलली आणि बघत उभे राहिले. मग म्हणाले, 'अरे, ही तार कोणी लावली?'

मला म्हणता आलं असतं की आधीच्या भाडेकरूने. खरंच, तोंडापर्यंत आलं होतं. पण ती तार माझ्याच हेडफोनच्या केबलची होती, निळी. म्हटलं, 'मी लावली.' ते म्हणाले, 'बरं.' दिवसभर त्या विषयावर एवढंच बोलले. दुपारी पाहुण्यांसमोरही काही नाही. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

असो. तर त्या संध्याकाळपासून आम्ही दोघांनी मिळून ते मशीन जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं तसं नीट लावलं. आता तेच सांगतो.

पहिलं म्हणजे मॅन्युअल. जुन्या मशीनचंही बहुतेक वेळा कंपनीच्या साइटवर फुकट मिळतं. बाबांना इंग्रजी सावकाश वाचावं लागतं, पण आकृत्या त्यांनी माझ्याआधी वाचल्या. मग मशीन सपाट काँक्रीटवर, पार्किंग ब्रेक, चावी बाहेर, आणि स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला. हे शेवटचं लोक करत नाहीत. हाताने पातं फिरवलं की त्याच्याबरोबर इंजिनही फिरू शकतं, आणि तापलेलं इंजिन तेवढ्या झटक्यावर पेटूही शकतं. बाबा म्हणाले, वर्कशॉपमध्ये बसखाली जायच्या आधी चाकाखाली लाकडाचा ठोकळा लावायचा म्हणजे लावायचाच, गाडी सपाटीला असली तरी. नुसत्या जॅकवर उचललेल्या मशीनखाली हात घालायचा नाही, तेही त्यातलंच.

मग टायरमधली हवा. मला हे क्षुल्लक वाटलं होतं. पण एका बाजूची हवा कमी असली की अख्खा डेक तिकडे झुकतो, मग तुम्ही डेक लेव्हल करत बसता आणि हवा भरली की परत वाकडा. म्हणून आधी हवा, मग डेक. पात्याची टोकं डावी-उजवीकडे जमिनीपासून सारख्या उंचीवर हवीत आणि पुढची बाजू मागच्यापेक्षा किंचित खाली, माझ्या मशीनला साधारण ३ ते ६ मिलिमीटर. जाड हातमोजे घालून हे करा. पातं बसवताना त्याची वळलेली पाकळी वर, डेककडे. उलटं बसवलं तर गवत कापलं जात नाही, चेंगरतं. मी एकदा बसवलंय उलटं, विचारू नका.

सीटचा स्विच उघडला तर टर्मिनलवर हिरवा गंज चढलेला. म्हणजे बिघाड एवढाच होता. नवा स्विच वीस डॉलरच्या आत आला. ती निळी तार बाबांनी खिशात ठेवली.

त्यानंतर चाचणी, आणि मंडळी, तुमच्याकडे मशीन असेल तर हा भाग संपल्यावर एवढं तरी करा. मोकळ्या सपाट जागेत, आजूबाजूला कोणी नसताना. ब्रेकचं पेडल न दाबता चावी फिरवा, स्टार्टर फिरता कामा नये. ब्रेक दाबा पण पातं 'चालू'वर ठेवा, तरी फिरता कामा नये. आता नीट चालू करा, पातं लावा आणि सीटवरून थोडंसं उठा. खाली उतरायचं नाही, फक्त बूड उचलायचं. इंजिन बंद पडलं पाहिजे. पातं बंद पण पार्किंग ब्रेक सुटलेला असताना उठलात तरी बंद पडलं पाहिजे. यातलं एकही झालं नाही तर त्या दिवशी गवत राहू द्या. पातं बंद केल्यावर ते थांबायला किती वेळ घेतं तेही मोजा. राइड-ऑन मशीनसाठीच्या अमेरिकन मानकात ही मर्यादा ५ सेकंद आहे. ढकलत चालवायच्या मोअरला १९८२ पासून सरकारी नियमच आहे, हँडल सोडलं की ३ सेकंदांत पातं थांबलं पाहिजे. राइड-ऑनला तसा सक्तीचा नियम नाही, उद्योगाचं स्वतःचं मानक आहे.

५ सेकंद ऐकायला कमी वाटतात ना? मी हिशोब केला, सवय आहे. माझं एक पातं साधारण २१ इंच लांब. मिनिटाला ३,३०० फेरे धरले तर टोकाचा वेग ताशी ३३० किलोमीटरच्या आसपास येतो. त्या वेगाने टोलवलेला दगड कुठे जाईल? म्हणून कापायच्या आधी अख्खं लॉन पायी फिरायचं. दगड, बोंडं, कुत्र्याचं हाड, पाण्याचा पाइप, सगळं उचलायचं. आणि गवत बाहेर फेकणाऱ्या तोंडावरची ती प्लास्टिकची झडप काढून किंवा वर बांधून ठेवायची नाही. ते तोंड माणसांकडे, घराकडे, रस्त्याकडे करायचं नाही.

उताराबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण माझं तिथेच चुकलं. ढकलायचं मोअर उतारावर आडवं चालवतात, म्हणजे पाय घसरला तर तुम्ही त्याच्याखाली जात नाही. बसून चालवायचा ट्रॅक्टर बरोबर उलटा, वर-खाली चालवतात, कारण आडवा असताना तो कलंडतो. मला हा फरक माहीतच नव्हता. बऱ्याच मॅन्युअलमध्ये १५ अंश ही मर्यादा असते, म्हणजे १० फूट सरळ गेल्यावर साधारण २ फूट ८ इंच चढ. लांब फळी ठेवून त्यावर फोनचं लेव्हल ॲप उघडलं की आकडा मिळतो. आमचा तो खालचा पट्टा १८ निघाला. मी तिथे वर्षभर फिरत होतो! आणि १५ सुद्धा कोरड्या गवताला. ओल्यावर उतार घ्यायचाच नाही. चर, भिंत, तळं यांच्यापासून मशीनच्या दुप्पट रुंदीएवढं अंतर ठेवायचं. उतारावर गिअर बदलायचा नाही, झटक्याने वळायचं नाही. चाक सरकायला लागलंच तर पातं बंद करायचं आणि हळूहळू सरळ खाली यायचं. पाय टेकवून सावरायला जायचं नाही, मोटारसायकल नाही ती.

पेट्रोलचं पटकन. इंजिन गार झाल्यावर, शेडच्या बाहेर. कॅन गाडीच्या डिकीत ठेवून भरायचा नाही, जमिनीवर ठेवून भरायचा, स्टॅटिकची ठिणगी पडू शकते. १० टक्के इथेनॉलपर्यंत ठीक. १५ टक्केवालं पंपावर स्वस्त दिसलं तरी लहान इंजिनात घालायला इथे बंदी आहे. भारतातून ई-२० ची सवय घेऊन आलेल्यांनी तेवढं लक्षात ठेवा. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, धूर दिसत नसला तरी कार्बन मोनॉक्साइड असतो.

आता मुलं. हे मला सांगायला सगळ्यात जड जातं. आमच्या मित्रमंडळात एक चार वर्षांची मुलगी आहे. 'काका, मला बसव ना ट्रॅक्टरवर.' मी दोनदा बसवलं होतं, पातं बंद ठेवून, मांडीवर, एक फेरी. सगळे फोटो काढत होते. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचं म्हणणं स्पष्ट आहे की राइड-ऑन मोअरवर कोणालाही सोबत बसवायचं नाही, १६ वर्षांखालच्याने ते चालवायचं नाही, आणि ६ वर्षांखालची मुलं गवत कापताना घरात हवीत. यामागचं कारण मला आधी कधी सुचलं नव्हतं. मांडीवरून पडण्याची भीती आहेच. पण एकदा फेरी मारली की मुलाच्या डोक्यात ते मशीन म्हणजे मज्जा असं बसतं. पुढच्या वेळी आवाज आला की ते धावत येतं, बहुधा मागून. तुमच्या कानावर इअरमफ, आणि तुम्ही रिव्हर्स घेताय. नव्या मशीनमध्ये पातं चालू ठेवून रिव्हर्स घेतलं की इंजिन बंद होतं, आणि ते चुकवायला वेगळं बटण किंवा चावी असते. ते बटण विसरून जा. थांबा, पातं बंद करा, खाली आणि मागे वळून बघा, मग रिव्हर्स घ्या.

त्या मुलीच्या आईला मी फोन करून सांगितलं की आता फेरी नाही. ती म्हणाली, 'अरे, तूच तर बसवायचास.' हो, मीच. मुलगी महिनाभर कट्टी होती.

खालचा १८ अंशांचा पट्टा मी आता दोरीच्या ट्रिमरने कापतो, चाळीस मिनिटं जातात. घरमालकाला तारेचं आणि चराचं सगळं लिहून कळवलं. त्याने उत्तरात फक्त नव्या स्विचची पावती मागितली आणि पैसे दिले. बाबा ऑगस्टमध्ये परत गेले. जायच्या आदल्या दिवशी त्यांनी स्वतः एक फेरी मारली, सपाटीवर, वीस मिनिटं, हसत. उतरायच्या आधी मुद्दाम जरा उठून बघितलं. इंजिन बंद पडलं.

पुढच्या भागात हिवाळ्याआधी मशीन कसं ठेवायचं, पेट्रोल टाकीत ठेवायचं की काढायचं, त्याबद्दल. तुमच्या मशीनबद्दल प्रश्न पाठवत असाल तर मॉडेल नंबर नक्की लिहा. बऱ्याच मशीनमध्ये सीट वर उचलली की खाली एक पट्टी असते, त्यावर असतो. सीट उचललीच आहे तर स्विचही बघून घ्या.